तिसऱ्या मजल्यावरची चुगली

१

चुगलीला आपल्याकडे कुणी गुन्हा म्हणत नाही, फार तर तोंडाची खाज म्हणतात. पण बेलवलीच्या 'सम्यक' सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ज्या दिवशी एका चुगलीचा बभ्रा झाला, त्या दिवशी एका घरातली सून बॅग भरून माहेरी गेली, म्हाताऱ्याने ताट सरकवलं आणि मुलाने पाण्याचा पेला भिंतीवर मारला. पेला स्टीलचा होता म्हणून वाचला. घरातलं बाकी काही स्टीलचं नव्हतं.

पेला मारणारा धम्मदीप कासारे संध्याकाळी दोन मजले उतरून सुहासिनीताईंच्या दारात उभा राहिला.

सुहासिनीताई विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी खोटे क्लेम पकडण्यात गेली. न मोडलेले पाय पाहिले, न झालेली ऑपरेशनं पाहिली. एकदा तर कागदावर वारलेल्या गृहस्थाने स्वतः दार उघडून त्यांना पाणी दिलं होतं. त्यामुळे सोसायटीत त्यांच्यासमोर कुणी मोकळेपणी खोकतही नसे. भेटेल त्या माणसाचं त्या मनात खातं उघडत. बोलणं एका बाजूला, वागणं दुसऱ्या बाजूला. ताळा जुळला नाही की त्या आणखी अर्धा कप चहा मागत.

"जय भीम, ताई. जरा काम होतं."

"कुणाचं पोट दुखतंय?"

"पोट नाही. पप्पांना पेसमेकर आहे."

ताईंनी चष्मा काढला. सात वर्षं धम्मदीपचे वडील रामभाऊ त्याच जिन्याने चढत-उतरत होते. छातीत काड्यापेटीएवढं यंत्र, ठोका चुकला की हृदयाला ढोसणारं, आणि क्लेमवाल्या बाईंना पत्ता नाही! ताईंना आधी स्वतःचाच राग आला.

धम्मदीपने सगळं ओकून टाकलं. आनंदनगरच्या ज्या कारखान्यात तो होता, तिथल्या ग्रुप पॉलिसीत आईवडीलही होते. पेसमेकर त्याच पॉलिसीवर बसला. आता कारखाना गुजरातला चाललाय. याने उल्हासनगरात दुसरी नोकरी धरली, पण तिथे आईवडिलांना विमा नाही. महिनाअखेर जुनी पॉलिसी संपणार. नवी शोधायला निघाला, तर पेसमेकर म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. तीन कंपन्यांनी दार लावलं.

"मग आमचा एजंट भावेश बोलला, फॉर्मवर आजार 'नाही' लिहू. पाच वर्षं निघाली की कोण विचारतं?"

"आणि तू सही केलीस."

"केली. काल कंपनीचा मेल आला. 'आपण माहिती लपवली असल्याचं आम्हाला कळवण्यात आलं आहे.' कुणीतरी फोन केला, ताई! घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माया पहिल्यापासून बोंब मारत होती, खोटं लिहू नका म्हणून. मी तिलाच विचारलं."

"बायकोला विचारलंस की ठोकून दिलंस?"

"ठोकून दिलं," धम्मदीप म्हणाला.

"आधी एक सांग. लपवलंस ती लबाडी, सापडली ती चुगली. तुझा राग कशावर आहे?"

"कशावरच नाही हो. आता पप्पांना कोण घेणार? नाकारल्याचा शिक्का बसला. तीन वर्षांनी बॅटरी बदलायची आली की ते सरळ म्हणतील, नको, माझं झालं जगून. मी ओळखतो त्यांना. ते मागणारच नाहीत."

रडू आवरायला त्याने नाक ओढलं. ताईंनी मोबाईल उचलला. त्या कंपनीत वृंदा होती. वृंदाला त्यांनीच हाताला धरून खात्यात तयार केलं होतं.

२

वृंदाने दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सुरुवातीलाच बजावलं, "मॅडम, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

"मी ऐकलेलंही नाही. बोल."

"नंबर काही मिळणार नाही, तो मी देणारही नाही. पण फोन घेणाऱ्या मुलीशी बोलले. तिला तो कॉल लक्षात आहे, इतका विचित्र होता. पुरुषाचा आवाज, वय झालेलं असावं, घसा बसलेला. नाव विचारलं तर म्हणाला, नावाचं काम नाय. मग एका दमात बोलला."

"काय बोलला? जसंच्या तसं सांग."

"बेलवली, सम्यक सोसायटी, तिसरा मजला. कासारे. माणूस ठीक आहे. छातीत पेसमेकर आहे, कागदावर नाही. बॅटरी वर्षभर चालेल. संपलं. आणि फोन ठेवला."

"माणूस ठीक आहे?"

"हो ना! मुलगी म्हणते, मॅडम, चुगली करणारा आधी कुणाची खुशाली सांगतो का?"

ताईंनी आयुष्यभर चुगलखोर पोसले होते. क्लेम खात्याचं अर्धं पीक त्यांच्यावरच निघतं. दीर भावजयीची सांगतो, भाडेकरू मालकाची. सगळे एकजात पहिल्या वाक्यात विष ओततात. खुशालीने सुरुवात करणारा त्यांना एकही भेटला नव्हता.

धम्मदीपला त्यांनी एवढंच सांगितलं की आवाज पुरुषाचा होता.

"मायाने बोलायला लावलं असेल! तिच्या लॅबमध्ये काय पुरुष नाहीत?"

"तुझ्या डोक्यात आहे का एखादा?" ताई म्हणाल्या. "जा, जेवून घे."

३

भावेश भोईरचं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या दुकानावर. लहानपणी ताईंची आई त्यांना अंबरनाथहून याच बाजारात दिवाळीच्या कापडाला आणायची. सिंधी शेठ गादीवर बसून ठाणच्या ठाण उलगडायचा. आई उठून जायचं नाटक करायची, तो "अरे बहनजी, बैठो तो" म्हणून सरबत मागवायचा. कापड घ्यायला आलोय की सरबत प्यायला, हे पोरांना शेवटपर्यंत कळत नसे. ती गादी जाऊन आता तिथे काचेचं दार होतं. घासाघीस मात्र तीच. जिना चढताना ताईंना ती खालून ऐकू येत होती आणि उगाच बरं वाटत होतं.

भावेश बेलवलीच्या जुन्या आगरी घरातला. बाप हरिचंद्र आणि रामभाऊ एका कारखान्यात राबलेले, एका सायकलवरून गेलेले. त्या ओळखीवरच पोराने कासाऱ्यांचं काम घेतलेलं.

"बसा ना, मॅडम. चाय? कोल्ड्रिंक? मेरा तो धंदाच बसला. कंपनीने मलापन नोटीस टाकलीय."

"लबाडी तूच सुचवलीस ना?"

"मार्केट में सब ऐसेच चलता है, मॅडम. आता रामाकाकाला कोण घेनार होता? मी मदत केली."

"मदत! बरं, हे कुणाला सांगितलं होतंस?"

"कसम से, कोणाला नाय. घरी पन नाय. बाबाला तर बिलकुल नाय. रामाकाका म्हंजे बाबाचा जीव. त्याच्या फॉर्मवर खोटं लिवलं असं कळलं असतं तर मला अंगणात उभं केलं असतं."

ताईंनी त्याच्या खात्यात हे नोंदवलं. बोलता बोलता त्यांनी एक साधा प्रश्न टाकला.

"समज, तूच कंपनीला फोन केलास. पहिलं काय बोलशील?"

"प्रपोजल नंबर. नंबर बोलल्याबिगर तिकडची पोरगी ऐकूनच घेत नाय."

"आणि बॅटरी किती वर्षं चालते?"

"कसली बॅटरी? गाडीची?"

"पेसमेकरची."

भावेश हसला. "काय मॅडम, त्याला बॅटरी असते काय?"

ताई उठल्या. विमा विकणारा असा आणि विकत घेणारे तसे. या धंद्यात आपल्याला कधी काम कमी का पडलं नाही, हे त्यांना पुन्हा एकदा पटलं. पण फोन याने केलेला नव्हता. ज्याला बॅटरी आहे हेच ठाऊक नाही, तो ती वर्षभर चालेल असं कुठून सांगणार?

४

मायाचं माहेर अंबरनाथ पूर्वेला, ताईंच्या जुन्या चाळीपासून हाकेवर. चाळ गेली होती. त्याहून मोठं काही गेलं होतं, ते म्हणजे कारखान्याचा भोंगा. पहिला भोंगा झाला की आई भात टाकायची, दुसऱ्याला वडील चपला शोधायचे, आणि तिसरा झाला की पोरं शाळेला उशीर झाला म्हणून रडायची. घड्याळ फक्त डॉक्टरांच्या घरी होतं, बाकी सगळं अंबरनाथ भोंग्यावर शिजायचं, जेवायचं, झोपायचं. जिथे तो रंगांचा कारखाना होता तिथे आता उंच टॉवर उभा होता आणि त्याच्या गेटवर कारंजं. भोंगा काढून कारंजं लावणाऱ्याच्या नावे ताईंनी मनात मोठी रक्कम मांडून ठेवली होती.

माया दारातच म्हणाली, "त्यांनी पाठवलं असेल तर चहासुद्धा नाही मिळणार."

"मी स्वतःहून आलेय. चहा कर."

माया पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. डोळे सुजलेले, पण आवाज कडक. "ताई, मी चुगली केली असती ना, तर स्वतःचं नाव सांगून केली असती. पप्पांच्या जिवाशी खेळ चाललाय, असं तोंडावर बोलले मी सगळ्यांच्या. आमच्या लॅबमध्ये रोज बघते मी, खोटी माहिती लिहिली आणि वेळेला कंपनीने हात वर केले. मग ते लोक आमच्याच काउंटरवर येऊन रडतात."

"तुमच्या लॅबमधला कुणी माणूस फोनवर रिपोर्ट देतो, तेव्हा कसा सुरू करतो?"

"पेशंटचं नाव, वय, सँपल. आम्ही घरी भाजीवाल्याशी पण तसंच बोलायला लागलोय."

"'माणूस ठीक आहे' असं म्हणतो कुणी?"

"छे! 'ठीक आहे' हा शब्द आम्हाला बंदच आहे. ते डॉक्टर ठरवणार."

"बॅटरी किती राहिलीय पप्पांची?"

"दहा वर्षं बोलले होते. सात झाली, तीन राहिली." माया थांबली. "म्हणजे मागच्या तपासणीचं मला नक्की माहीत नाही. मी येते म्हटलं, तर पप्पा बोलले, नको, हरी येतोय. दरवेळी हरीकाकांच्या स्कूटरवर जातात दोघं. तपासणी कमी आणि वडापाव जास्त."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"माया, रविवारी बॅग घेऊन ये. भरलेली नको, रिकामी आण. उरलेलं सामान तिकडेच आहे ना तुझं?"

"त्यांनी माफी मागितल्याशिवाय?"

"त्याचीच सोय करतेय."

५

रामभाऊ खिडकीत बसले होते. अंजनाबाईंनी ताईंना बघून पदर सावरला आणि सवयीने खोकला गिळला.

"ताई, आमच्या घराला कुणाची नजर लागली हो. पोरगं बोलत नाही, सून गेली, हे जेवत नाहीत."

"बॅटरी किती वर्षांची म्हणाले होते डॉक्टर, अंजनाबाई?"

"दहा. अजून तीन वर्षं बघायला नको."

रामभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. एरवी बायकोचं हळदीचं माप चुकलं तरी दुरुस्त करणारा माणूस. यावेळी त्याने काही दुरुस्त केलं नाही.

ताईंनी विषय बदलला. म्हाताऱ्याला बोलतं करायला त्याच्या आजाराबद्दल नव्हे, नोकरीबद्दल विचारावं लागतं. "रामभाऊ, तुमच्या कारखान्याचा भोंगा आमच्या चाळीत यायचा. तुम्ही आत नक्की कुठे होता?"

आणि रामभाऊंचा चेहरा उजळला. "ॲसिड प्लांट! अहो, त्या भोंग्याच्या खाली आम्ही. मी आणि हऱ्या. जोडी लावायचे तिथं, एकटा माणूस ठेवायचेच नाहीत. कँटीनला पातळ आमटी, तिच्यात डाळ शोधायला टॉर्च लागायची. पण आंबेडकर जयंतीला साहेब स्वतः लाडू वाटायचे, आणि हऱ्याच्या गावच्या जत्रेला आमची सगळी शिफ्ट बैलगाडीतून. हऱ्याची आई मला ताटात आधी वाढायची. ते दिवस निराळे. त्या आधी वाढण्यालाही धाडस लागायचं, कळलं ना?"

"कळलं."

"एकदा पाइप फुटला. वॉल्व्ह माझा. मी धरून बसलो."

"पळाला नाहीत?"

"छे, छे! नियमच तो. ज्याचा वॉल्व्ह त्याने सोडायचा नाही. पळायचं जोडीदाराने. हऱ्या पळाला फोनकडे. फोनवरपण शिस्त असायची, ताई. घाबरून काहीही बोललं तर चालायचं नाही. आधी जागा सांगायची. मग माणसाची हालत. मग गळती काय, किती वेळ टिकेल. आणि शेवटी 'संपलं', म्हणजे पलीकडचा माणूस ऐकत न बसता धावतो. हऱ्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ॲसिड प्लांट, दोन नंबर टाकी, माणूस ठीक आहे…" ते बोलता बोलता थांबले.



"आणि स्वतःची गळती स्वतः कळवली तर?" ताईंनी हळूच विचारलं.

"तसं कुणी करायचंच नाही. वॉल्व्ह सोडून कसं जाणार?"

ताईंनी आज अर्धा कपही मागितला नाही. जिना उतरताना त्यांच्या मनात ताळा जवळजवळ जुळला होता. फक्त एक आकडा एका खात्यात टाकावा की दोन खात्यांत, एवढंच ठरायचं होतं.

६

रविवारी कासाऱ्यांच्या हॉलमध्ये सगळे जमले. धम्मदीप टीव्हीजवळ. माया दाराजवळ, मांडीवर रिकामी बॅग. भावेश मोबाईलमध्ये. त्याचा बाप हरिचंद्र भोईर पांढऱ्या टोपीत, खुर्ची असून जमिनीवर, रामभाऊंच्या पायाशी. अंजनाबाई आत-बाहेर.

"फोन कुणी केला ते मला कळलंय," सुहासिनीताई म्हणाल्या. "पण आधी कुणी केला नाही ते सांगते, कारण त्या नावावर एका घरात पेला फुटायचा राहिला. मायाने केला नाही. आवाज पुरुषाचा होता. लॅबमधल्या माणसाने केला असता तर नाव-वयापासून सुरुवात केली असती."

"मी आधीच बोलले होते," माया म्हणाली.

"भावेशनेही केला नाही. एजंट नंबरापासून सुरू करतो. शिवाय त्याला पेसमेकरमध्ये बॅटरी असते हेच माहीत नव्हतं."

"मॅडम, हे सगळ्यांसमोर बोलायची गरज होती काय?"

"होती. आता बॅटरीचं बघू. फोन करणारा म्हणाला, बॅटरी वर्षभर चालेल. या घरात धम्मदीप, माया, अंजनाबाई, तिघंही म्हणतात तीन वर्षं. मागच्या तपासणीत खरं काय निघालं ते फक्त तपासणीला गेलेल्यांना माहीत. गेले दोघंच."

धम्मदीपची मान गर्रकन वळली. "पप्पा? वर्षभर?"

ताई पुढे बोलत राहिल्या.

"फोन करणाऱ्याने आधी जागा सांगितली. मग म्हणाला, माणूस ठीक आहे. मग काय लपलंय ते. मग किती वेळ टिकेल ते. मग संपलं. असा फोन या गावात दोनच माणसं करतील. त्यातला एक स्वतःबद्दल करणार नाही. ज्याचा वॉल्व्ह त्याने सोडायचा नाही. पळायचं—"

"मीच केला," हरिचंद्र म्हणाले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "मीच केला फोन. कोनाला काय बोलाचं ते बोला."

"बाबा!" भावेश ताडकन उठला. "माझं लायसन्स गेलं असतं! स्वतःच्या पोराच्या पोटावर—"

"गप रं, पोऱ्या. आता नोटीस आली. उद्या रामाला दवाखान्यात टाकला असता, कंपनीने पैसं नाय दिलं असतं, तवा काय केला असतंस? त्याच्या दारात उभा ऱ्हायला असतंस? मना तोंड दाखवलं असतंस?"

धम्मदीपचा आवाज चिरकला. "काका, माझ्याशी बोलायचं होतं! तुमच्यामुळे मी मायाला घराबाहेर काढलं!"

"मना वाटलं नव्हता असा होईल," हरिचंद्र खाली बघत म्हणाले. "सूनबाय, चुकी माजी."

"तुमची नाही, काका," माया म्हणाली. "ज्याची आहे तो टीव्हीजवळ उभा आहे."

धम्मदीपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलो," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"चुकलो, माया! सगळ्यांसमोर सांगतो."

मायाने बॅग कोपऱ्यात टाकली. हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. फक्त सुहासिनीताई अजून उभ्या होत्या.

"एक आकडा राहिलाय. फॉर्मवर खोटं लिहिलंय हे हरिचंद्रांना कसं कळलं? भावेशने घरी सांगितलं नव्हतं, शपथ घेऊन म्हणाला. आणि ही शपथ मी खरी धरते, कारण तो बापाला घाबरतो."

खिडकीजवळून आवाज आला.

"मी सांगितलं."

रामभाऊंनी छातीवर हात ठेवला होता. यंत्रावर नव्हे, त्याच्या शेजारी.

"स्कूटरवर जाताना सांगितलं. हऱ्याला सांगितलं की तो पळणार, हे मला ठाऊक होतं. तो त्यासाठीच असतो."

"मग मला का नाही सांगितलं, पप्पा?"

"पोरगं बापासाठी खोटं लिहितंय, रात्र रात्र कंपन्यांना फोन करतंय. त्याला बाप कुठल्या तोंडाने सांगणार, की बाबा, तू लबाड झालास? ते मला नाही जमलं. आणि बॅटरीचं सांगितलं असतं तर तू आणखी चार खोटी लिहिली असतीस." ते थोडं हसले. "मी तुला धरून बसलो. सोडलं नाही."

हरिचंद्रांनी डोळे पुसले आणि भावेशला म्हणाले, "बघतंस काय? पानी आन काकाला."

७

"आता रडणं झालं असेल तर विम्याचं बघू," सुहासिनीताई म्हणाल्या. त्या एवढ्यासाठीच उभ्या होत्या. "धम्मदीप, तुझ्या कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीच्या कंपनीला विचारलंस?"

"ती तर संपणार ना?"

"ग्रुप संपेल, कंपनी नाही. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो. तिथे काढलेली वर्षं मोजली जातात. आणि अरे, त्यांनीच तर पेसमेकर बसवायचे पैसे दिले. त्यांच्यापासून काय लपवायचंय?"

धम्मदीप आ वासून बघत राहिला. "एचआर काही बोललाच नाही."

"कधी बोललेत? अर्ज ग्रुप संपायच्या आत गेला पाहिजे. ते तपासतील, जास्त पैसे मागतील. नाहीही म्हणतील, खात्री मी देत नाही. दुसऱ्या कंपनीने नाकारलं, का नाकारलं, तेही लिहायचं. भावेश, कागद तू जमवायचेस."

"माझं कमिशन?"

"त्यात काही नाही."

भावेशने बापाकडे पाहिलं. बापाने टोपी घातली. भावेश म्हणाला, "जमवतो."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला, स्पीकरवर. रामभाऊंनी सगळं सांगितलं, बॅटरीसकट. डॉक्टरांनी विचारलं, "सोबत ज्यांचं नाव आहे त्या अंजना कासारे, त्यांना काही त्रास?"

"काही नाही," धम्मदीप म्हणाला.

"साखर आहे," अंजनाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. गोळी चालू आहे. पिठाच्या डब्यामागे ठेवते."

"आई, तूसुद्धा?"

"लिहा म्हणावं. आता या घरात सगळं कागदावर राहू दे."

अर्ज ग्रुप संपायच्या आत गेला होता. कंपनीने तो घासाघीस करून मंजूर केला. हप्ता चढा लावला, खर्चाचा काही हिस्सा पदरचा घालायची अट टाकली. पण पेसमेकर पॉलिसीत धरला. सुहासिनीताईंनी अटी दोनदा वाचल्या आणि म्हणाल्या, "महाग आहे. पण खरं आहे. टिकेल."

बॅटरी बदलायची वेळ आली तेव्हा रामभाऊ नको म्हणाले नाहीत. उल्हासनगरच्या इस्पितळात सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी भेटायच्या वेळेला दारावरचा माणूस म्हणाला, "एकच पास. एकदाच सोडणार." अंजनाबाई सकाळपासून आत बसून आत्ताच बाहेर आल्या होत्या. पास धम्मदीपच्या हातात होता. बाकाच्या टोकाला हरिचंद्र बसले होते. त्या रविवारनंतर धम्मदीप त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आला होता.

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "जा, काका."

"तू जा ना, पोऱ्या. तुजा बाप हाय."

"मला ते सांगणार, एकदम मस्त, घरी जा. तुम्ही जा."

हरिचंद्र आत गेले. फार वेळ गेला. बाकावर बसून सुहासिनीताईंनी इस्पितळाच्या कँटीनचे भाव वाचून त्यातला नफा काढला, तरी ते बाहेर येईनात. मग दार ढकललं गेलं. म्हातारा सरळ धम्मदीपपाशी आला.

"दुखतंय त्याला. डावा खांदा. सकाळधरनं दुखतंय. तुमाला सांगू नको बोललाय."

धम्मदीप नर्सच्या खोलीकडे धावला.